नणंदेचं कायदेशीर पालकत्व: अर्जापासून पेन्शन सुरू होईपर्यंत

परवा नणंदेच्या पालकत्वाचा वर्षाचा हिशोब जूनअखेर कलेक्टर ऑफिसला देऊन आले आणि ठरवलं की आता हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढायचं. दोन वर्षांपूर्वी मी हीच माहिती शोधत होते तेव्हा मराठीत धड काही मिळालं नाही, जे मिळालं ते सगळं आईवडिलांसाठी लिहिलेलं होतं. वहिनीने काय करायचं, काकूने काय करायचं, असं कुठेच नव्हतं. आणि घरोघरी बघितलं तर आईवडील गेल्यावर अशा माणसाला बघणारी बहुतेक वेळा वहिनीच असते.

तर आधी थोडं आमच्याबद्दल. माझी नणंद मंजू (नाव बदललंय) ३६ वर्षांची आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, सोबत बौद्धिक दिव्यांगत्व आणि फिट्सचा त्रास. धरून चार पावलं चालते, स्वतःच्या हाताने थोडं खाते, मोजके शब्द बोलते. सासरे पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, ते २०१४ ला गेले. सासूबाई होत्या तोवर त्यांची फॅमिली पेन्शन यायची आणि मंजूचं सगळं त्याच बघायच्या, नंतर त्यांचे गुडघे गेले तशी आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं हे हळूहळू माझ्याकडे आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सासूबाई गेल्या. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले आणि पेन्शनही बंद झाली.

नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याला घरी येतो. मी घरी शिकवण्या घ्यायचे, त्या निम्म्या कमी केल्या. नातेवाइकांत तेव्हा दोन प्रकारचं बोलणं सुरू झालं. एक म्हणजे संस्थेत ठेवा, तुम्ही कुठवर करणार. आणि दुसरं, जे माझ्यापर्यंत फिरून आलं, की ही एवढं करतेय ती घरातल्या हिश्शासाठी. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले. ते बोलणाऱ्यातल्या एकानेही मंजूला एक रात्रही सांभाळलेलं नव्हतं.

मग जुलै २०२३ मध्ये मंजू बाथरूममध्ये पडली. मांडीचं हाड मोडलं. फिट्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की हाडं ठिसूळ होऊ शकतात हे मला त्यानंतर डॉक्टरांकडून कळलं (तुमच्याकडे असं कोणी असेल तर व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमबद्दल आत्ताच विचारून घ्या). एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नेलं, रॉड टाकायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला सगळं विचारलं, शेवटची फिट कधी आली, व्हॅल्प्रोएटचा (फिट्सच्या गोळीचा) डोस किती, पाणी पिताना ठसका लागतो का, आधी कधी भूल दिलीय का. मी तारखांसकट सांगितलं, वहीच होती बरोबर. आणि मग संमतीचा फॉर्म आला तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? म्हटलं वहिनी. "मग रक्ताच्या नात्यातलं कोणी बोलवा."

नवरा सेकंड शिफ्टला होता, तो निघून यायला रात्र झाली. तोवर मंजू पाय धरून कण्हत होती, मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते, आणि फॉर्म तसाच टेबलावर. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, नीट झालं, खर्च सव्वा लाखाच्या आसपास. पण ती रात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. तिथल्याच एका वयस्कर सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाई, ही १८ च्या वरची आहे, खरं तर कायद्याने हिच्या भावाची सहीसुद्धा पालक म्हणून धरत नाहीत, कलेक्टरकडून पालकत्वाचं सर्टिफिकेट मिळतं ते काढून ठेवा. त्या सिस्टरचे माझ्यावर खूप उपकार आहेत.

हे नीट समजून घ्या, कारण आईवडिलांनाही हे माहीत नसतं. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान, मग त्याला स्वतःचं नाव सांगता येत नसलं तरी. आईवडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे (नॅशनल ट्रस्ट ही त्याखालची केंद्र सरकारची संस्था), त्यात प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. कलेक्टर अध्यक्ष, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. ही समिती पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही, वकील लागत नाही, अर्जाला फी नाही. मात्र स्मृतिभ्रंश झालेले वडील किंवा कोमातला नवरा असेल तर हा कायदा लागू पडत नाही, त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने कोमातल्या माणसाच्या बायकोला पालक नेमलं होतं, तशा केससाठी वकिलांना तो निकाल दाखवा.

डिस्चार्जच्या वेळचं एक सांगते आणि पुढे जाते. फाईल, गोळ्या, पुढची तारीख एवढं देऊन आम्हाला मोकळं केलं जात होतं. घरी गेल्यावर हिला कुशीवर कसं वळवायचं, टॉयलेटचं कसं, उचलायचं कसं, हे कोणी बोलेना. मी दारातच थांबले आणि म्हटलं, फिजिओथेरपिस्टनी मला करून दाखवल्याशिवाय मी नेणार नाही. आले ते. चादर चार पदरी दुमडून कमरेखालून घालायची, दोन्ही टोकं आपल्या अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरायची, आपले गुडघे वाकवायचे आणि मग चादरीसकट पेशंटला आपल्याकडे ओढायचं, हाताला धरून कधीच ओढायचं नाही. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाच आणि माकडहाड रोज बघायचं, लाल दिसलं की त्या बाजूवर झोपवायचं नाही. अडीच हजाराची एअर मॅट्रेस घेतली. तीन महिन्यांत एकही जखम झाली नाही. हे अर्ध्या तासाचं शिकवणं होतं, ते मागून घ्या, लाजू नका, आणि केसपेपरवर सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आणि मोबाईल लिहायला लावा.

आता मूळ प्रोसेस. पहिला टप्पा दिव्यांग प्रमाणपत्राचा. मंजूचं जुनं हाताने लिहिलेलं सर्टिफिकेट होतं, ते आता कुठे चालत नाही, यूडीआयडी म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र लागतं. स्वावलंबन पोर्टलवर ऑगस्टमध्ये अर्ज भरला. आधार, फोटो, जुनं सर्टिफिकेट, सही किंवा अंगठा, बस. मग जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार ठरलेला असतो त्या दिवशी जायचं. पायाचं हाड भरून येईपर्यंत नेता येत नव्हतं म्हणून ऑक्टोबर उजाडला. मानसोपचार विभागात बुद्ध्यांकाची चाचणी वेगळ्या दिवशी, हाडांच्या डॉक्टरांची तपासणी वेगळ्या दिवशी, असं झालं. जाताना दोन डायपर जास्तीचे, बारा वाजताची गोळी, तिला आवडणारं काहीतरी हातात, आणि जमलं तर सोबत अजून एक माणूस, कारण तुम्ही खिडकीवर रांगेत असता तेव्हा व्हीलचेअरजवळ कोणीतरी पाहिजेच. रिक्षाचे जाऊनयेऊन चारशे जायचे. प्रमाणपत्र ९० टक्क्यांचं आणि कायमस्वरूपी मिळालं. मिळाल्यावर तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि दिव्यांगत्वाचा प्रकार वाचून बघा, आमच्या पुढच्या माणसाच्या कागदावर प्रकार चुकला होता आणि पालकत्वाला प्रकार महत्त्वाचा असतो. कार्ड नंतर पोस्टाने आलं, निळं, ८० टक्क्यांच्या वरच्यांना निळं असतं.

त्या बोर्डाच्या रांगेत मला एक आई भेटली, तिचा मुलगा २२ वर्षांचा, ऑटिझम असलेला. तिनेच मला आमच्या जिल्ह्यातली नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेली संस्था सांगितली. ही माझी सगळ्यात महत्त्वाची टीप आहे. थेट कलेक्टर ऑफिसला जाऊ नका. आधी आपल्या जिल्ह्यातली नोंदणीकृत संस्था शोधा, नॅशनल ट्रस्टच्या वेबसाईटवर जिल्ह्यानुसार यादी आहे. समितीत संस्थेचा माणूस असतोच, त्यामुळे फाईल कशी लागते, पुढची मिटिंग कधी, कोणत्या टेबलावर द्यायची हे त्यांना पाठ असतं. त्यांनीच निरामय या नॅशनल ट्रस्टच्या आरोग्य विम्याचाही फॉर्म भरून दिला, वर्षाला एक लाखापर्यंतचा, दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना पाचशे रुपये फी, आधी मेडिकल तपासणी करावी लागत नाही. फिजिओथेरपीचे आणि औषधांचे पैसेही त्यात ठरावीक मर्यादेत मिळतात.

फॉर्म ए म्हणजे अर्ज. सोबत आम्ही लावलेले कागद असे: मंजूचं दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, शाळेचा दाखला होता तो जन्माच्या पुराव्यासाठी, सासू-सासऱ्यांचे मृत्यूचे दाखले, रेशन कार्ड, नवऱ्याचं आणि माझं आधार-पॅन, आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, तिघांचा एकत्र फोटो, आमच्या उत्पन्नाचा पुरावा, आणि दुसऱ्या भावंडांचं ना हरकत. मोठी नणंद मडगावला असते, तिने तिथेच नोटरीकडून करून कुरिअरने पाठवलं. ती फोनवर म्हणाली, "सही कशाला मागतेस गं, मी जन्मभर तुझी ऋणी आहे," तरी कागद घ्यावाच लागतो. स्टॅम्प पेपरबद्दल एक, तेव्हा १०० चा होता, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तिथे ५०० चा लागतो, पण सरकारी ऑफिसला द्यायचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावरही चालतं, म्हणून घेण्याआधी ज्या टेबलावर द्यायचं तिथे विचारा, उगीच पैसे घालवू नका. सगळं मिळून झेरॉक्स, नोटरी, फोटो, कुरिअर यांना दीडेक हजार गेले.

इथे एक अडचण आली ती मुद्दाम सविस्तर सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये फाईल द्यायला गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणाले, भाऊ आहे ना, मग फक्त भावाचं नाव टाका, वहिनीचं काय काम. मी गप्प उभी होते, काय बोलावं सुचेना, घशात आवंढा आला. संस्थेच्या मॅडम सोबत होत्या, त्यांनी पिशवीतून नियमांची प्रत काढली. नियम असा आहे की जिचं पालकत्व घ्यायचं ती स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमता येत नाही, त्याला बायकोसोबत सहपालक करतात, आणि त्यात बायको मुख्य. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले ठीक आहे, दोघांचं टाका. पुढे त्यांनीच फाईलला मदतही केली. तुम्हाला असं कोणी म्हणालं तर भांडू नका, प्रत दाखवा. आणि नणंद, दीर, चुलत सासू, जे कोणी असेल, त्यांच्या अर्जात प्रत्यक्ष करणाऱ्या बाईचं नाव घालाच. "नाव कोणाचं का असेना" असं म्हणून सोडू नका. हॉस्पिटलच्या काउंटरवर रात्री तुम्ही उभ्या असता, नाव तुमचंच लागतं.

जानेवारीत घरी चौकशीला आले. मंजूची खोली बघितली, बाथरूममधला दांडा बघितला (तो पडल्यानंतर बसवला होता, आठशे रुपये मजुरीसकट), गोळ्यांचा डबा बघितला, शेजारच्या काकूंना विचारलं. मला टेन्शन होतं पण आलेले लोक सभ्य होते.

मग वाट बघणं. कायद्याप्रमाणे समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला पाहिजे. आम्हाला मार्चमधली तारीख सांगितली होती, तर १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं ४ जूनच्या निकालापर्यंत थांबलं. हा काळ मला फार जड गेला. पेन्शन बंद, मंजूच्या नावावर सासूबाईंनी ठेवलेल्या एफडीची मुदत संपली होती पण बँक पैसे देईना, आणि माझी कंबर धरली. ऑर्थोच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून विचारलं, तुम्हाला रोज कोणाला उचलावं लागतं का? इतक्या वर्षांत मंजूच्या डॉक्टरांपैकी कोणी मला हे विचारलं नव्हतं. पेशंटसोबत येणाऱ्या बाईला पण शरीर आहे हे दवाखान्यात कुठल्याच कागदावर येत नाही. ज्या कोणी हे वाचताय त्यांना सांगते, पेशंटच्या फॉलोअपला जाल तेव्हा स्वतःचं दुखणं पण त्याच डॉक्टरांना सांगा, "मला आता उचलता येत नाही" हे त्यांना कळणं पेशंटच्या उपचारासाठीही गरजेचं आहे. आमच्या फिजिओने त्यानंतर नवऱ्याला रविवारी बोलवून उचलायचं शिकवलं आणि आंघोळ त्याच्याकडे नको म्हणून (मंजू आता बाई आहे, ते योग्य नाही) शनिवार-रविवारचं बाकीचं उचलणं, बसवणं, फिरवणं त्याच्याकडे दिलं. आंघोळीसाठी एक मावशी लावल्या, दिवसाआड, महिन्याला दीड हजार.

नॅशनल ट्रस्टच्या समर्थ आणि विकास अशा योजनाही आहेत, थोडे दिवस किंवा दिवसभर ठेवायची सोय म्हणून, पण आमच्या जवळपास केंद्र नव्हतं. तुमच्याकडे असेल तर जरूर विचारा.

बैठक शेवटी जुलै २०२४ मध्ये झाली. मंजूला घेऊन जावं लागतं. अकराची वेळ होती, नंबर लागायला दीड वाजला. कलेक्टरांनी कागद चाळले, नवऱ्याला नोकरीबद्दल विचारलं. समितीत जे दिव्यांग सदस्य होते ते स्वतः कुबड्यांवर चालणारे, त्यांनी मात्र आमच्याकडे न बघता खुर्ची मंजूच्या समोर आणली आणि तिलाच विचारलं, मंजू, तुला जेवायला कोण देतं? ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वैनी." मग लगेच, "च्या." दुपारच्या चहाची सवय आहे तिला. कलेक्टरांनी चहा मागवला. मंजूने बशीतून घेतला, थोडा साडीवर सांडला, मी पुसत होते आणि तेवढ्यात त्यांनी फाईलवर सही केली.

ऑगस्टमध्ये फॉर्म बी म्हणजे नेमणुकीचं प्रमाणपत्र हातात आलं. त्यात आधी माझं नाव, मग नवऱ्याचं. घरी येऊन मी सासूबाईंच्या फोटोसमोर ठेवलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा विधानसभेची आचारसंहिता लागली, त्याआधी झालं म्हणून बरं. प्रमाणपत्राच्या दहा रंगीत झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा आणि मूळ प्रत कोणाकडेही सोडू नका, कितीही म्हणाले तरी.

बँकेत मात्र अजून एक फेरा झाला. शाखेतले म्हणाले कोर्टाची ऑर्डर आणा. स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी स्वीकारायचं आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आहे. मी तो भाग छापून नेला, सोबत एक लेखी अर्ज दिला आणि म्हटलं, नाही म्हणायचं असेल तर यावर लिहून द्या. पंधरवड्यात खातं उघडलं, मंजूचं नाव आणि पालक म्हणून माझं. लेखी मागितलं की काम हलतं हा माझा अनुभव आहे, तोंडी नकारावर कधी परत येऊ नका.

आता पेन्शन. सरकारी कर्मचाऱ्याचं मूल असं दिव्यांग असेल की ते स्वतः कमवू शकत नाही, तर आईवडिलांनंतर त्याला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळते, आणि बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर ती पालकामार्फत देतात. सासऱ्यांच्या जुन्या ऑफिसातून प्रस्ताव जातो, मग महालेखापाल, मग कोषागार. प्रस्तावाला फॉर्म बी, दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचे दाखले, जुनी पीपीओ (पेन्शन मंजुरीची ऑर्डर) आणि मंजू स्वतःची उपजीविका करू शकत नाही असं सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र लागलं. सप्टेंबर २०२४ ला दिलं, मध्ये एक त्रुटी निघाली (पीपीओवरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक), त्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि मे २०२५ मध्ये थकबाकीसकट पैसे जमा झाले. तुमचे सासरे किंवा वडील अजून नोकरीत किंवा हयात असतील तर त्यांना आत्ताच ऑफिसला अर्ज करून दिव्यांग मुलाचं नाव पेन्शनच्या कागदांत नोंदवायला सांगा. नंतरचं वर्षभराचं काम वाचेल.

टॅक्सचं थोडक्यात, कारण हे खूप जणांना माहीत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०डीडी मध्ये अवलंबून असलेल्या दिव्यांग भावाबहिणीसाठीही वजावट मिळते, फक्त मुलांसाठी नाही. ८० टक्के आणि त्यावर असेल तर १,२५,०००, त्याखाली ४० पर्यंत ७५,०००. जुनी कररचना निवडली तरच. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बहुविकलांगतेला त्या कायद्यात फॉर्म १०-आयए, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, लागतं.

पालक झाल्यावर जबाबदाऱ्या पण येतात. नेमणुकीपासून सहा महिन्यांत तिच्या नावावर काय काय आहे त्याची यादी फॉर्म सी मध्ये द्यायची, आणि दरवर्षी ३१ मार्चनंतर तीन महिन्यांत वर्षाचा हिशोब फॉर्म डी मध्ये. हेळसांड केली किंवा पैशाचा गैरवापर केला तर कोणीही समितीकडे तक्रार करू शकतं आणि पालकत्व काढून घेतलं जातं. काही जणांना हे जाचक वाटतं. मला उलट यानेच सगळ्यात जास्त आधार दिला. घरातला तिचा हिस्सा, एफडी, सासूबाईंनी तिच्यासाठी ठेवलेल्या दोन बांगड्या, सगळं फॉर्म सी मध्ये लिहून दिलं आणि त्याची पोच मडगावला पण पाठवली. ज्यांनी हिश्शाचं बोलणं केलं होतं त्यांना आता मी काही समजावत नाही, कागद कलेक्टर ऑफिसला आहे. हिशोबासाठी एक साधी वही ठेवा, डायपर, गोळ्या, मावशींचा पगार, रिक्षा, तारीखवार, आणि मेडिकलची बिलं मागच्या पानाला पिनने लावा. मला जूनमध्ये एका दुपारीत फॉर्म भरता आला.

संस्थेत महिन्यातून एकदा आम्ही सांभाळणारे भेटतो. बहुतेक बायका, दोन काका आहेत, त्यातले एक पत्नी गेल्यावर मुलीला एकटे बघतात. तिथेच मला कळलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांभाळणाऱ्याची व्याख्या आहे आणि तिच्यात मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे आईवडील, घरचे, सगळे येतात. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बघणाऱ्या घरच्या माणसाला महिन्याला ६०० रुपये. रक्कम लहान आहे, पण तिथे सरकारच्या यादीत त्या बाईचं नाव तरी आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणसाठी वेगळा विभाग झाला, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला निवेदन पाठवलंय. तीनच गोष्टी मागितल्यात: कलम २४ मधला भत्ता, डिस्चार्जच्या आधी घरच्या माणसाला प्रशिक्षण देणं हॉस्पिटलना सक्तीचं करणं, आणि जिल्हा रुग्णालयात बोर्डाच्या दिवशी सोबतच्या माणसाचीही बीपी-शुगर-कंबर तपासणी. उत्तर अजून यायचंय, आठवण करून देणारं पत्र या महिन्यात जाईल.

या मेमध्ये मंजूच्या दातांची ट्रीटमेंट भूल देऊन करावी लागली. काउंटरवर विचारलं, पेशंटच्या कोण? मी प्रमाणपत्राची प्रत पुढे केली, त्यांनी स्कॅन केली, फॉर्म माझ्यापुढे सरकवला, मी वाचून सही केली. दहा मिनिटं लागली असतील. नवरा चाकणलाच होता.

आता राहिलंय ते आमच्यानंतरचं. पालकत्व आपोआप पुढे जात नाही, आम्ही गेल्यावर पुन्हा कोणालातरी अर्ज करावा लागेल. मोठ्या नणंदेची मुलगी तयार आहे, ती दर सुट्टीत येऊन मंजूसोबत राहते, गोळ्यांची वही तिला समजते. आमच्या मुलीवर मी हे आत्ता टाकणार नाही, तिची दहावी नुकतीच झालीय. मृत्युपत्रात काय लिहायचं, मंजूचा हिस्सा कसा राखून ठेवायचा याबद्दल संस्थेत पुढच्या महिन्यात एक वकील येणार आहेत. कोणाला काही विचारायचं असेल तर खाली लिहा, वकिलांना विचारायचे प्रश्न पण पाठवा, मी यादी करून घेऊन जाईन.